अनुभवाचा दाखला

'अनुभव' या शब्दाला आपल्याकडे भलताच मान आहे. नोकरीच्या जाहिरातीत अनुभव हवा, जावई शोधताना अनुभव नको आणि मेसचा कॉन्ट्रॅक्टर बदलताना तर मागच्या वर्षीचा अनुभव जमेस धरूनच मतदान होतं! पण 'तुमचा अनुभव सिद्ध करून दाखवा' असं कुणी समोर बसून म्हटलं, की आपली पंचाईत होते. अनुभव असणं आणि अनुभव असल्याचा कागद असणं या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यातलं अंतर मी २०१९ साली स्वतः चालून पाहिलं. ते शिरोली एमआयडीसीपासून थेट ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडपर्यंत आहे.

मित्रहो, मी याच कॉलेजातून २००९ साली मेकॅनिकलचा पदवीधर झालो. 'परदेशातील जीवन' या विषयावर काहीतरी लिहून द्या, असा तुमच्या संपादक मंडळाचा निरोप आला. खरं सांगू का, त्या जीवनात सांगण्यासारखं फार नाही. स्वयंपाक स्वतः करावा लागतो, भांडी स्वतः घासावी लागतात आणि कपडे रविवारी धुतले जातात. होस्टेलच्या मुलाला यात नवीन ते काय? म्हणून तिथे पोचण्याआधीच्या एका गोष्टीबद्दल लिहितो. ती तुमच्यापैकी अनेकांच्या वाटेत येणार आहे, आणि अभ्यासक्रमात ती कुठेच नाही.

आमची बॅच मंदीत सापडलेली. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली आणि आमच्या प्लेसमेंट सेलच्या फळ्यावरच्या तारखा एकेक करून पुसल्या गेल्या. ज्यांना ऑफर लेटर मिळाली होती, त्यांचीही 'जॉइनिंग' पुढे ढकलली जात होती. बाकीच्यांनी मिळेल ते धरलं. मी धरली शिरोली एमआयडीसीतली एक छोटी फाउंड्री. १४-१५ माणसं, एक कुपोला, तोही एक दिवसाआड पेटायचा. ग्रे आयर्नचे ब्रॅकेट, हाउसिंग, पुली असला माल निघायचा. पगार साडेपाच हजार, रोख, व्हाउचरवर सही करून. नियुक्तिपत्र कुणालाच नव्हतं. पीएफही नव्हता, कारण त्या वेळच्या कायद्यानं २० माणसांपासून पुढे पीएफ लागू व्हायचा आणि आमच्याकडे माणसं कधी विसाच्या वर जात नसत. व्हाउचरवर माझं पद लिहिलेलं असे 'सुपरवायझर'.

तिथे मी २०१२ च्या एप्रिलपर्यंत होतो. नंतर पुण्याच्या एका मोठ्या कंपनीत लागलो. तिथे एच.आर., पीएफ, फॉर्म १६, गळ्यात ओळखपत्र, सगळं शिस्तीत. २०१९ उजाडलं तेव्हा माझं बत्तिसावं चालू होतं आणि ऑस्ट्रेलियाला कायमचं जाण्यासाठी अर्ज करायचं डोक्यात पक्कं झालं होतं. का, ते विचारू नका. त्यावर वेगळा लेख होईल, आणि तो आमच्या आईच्या हातात पडला तर माझं काही खरं नाही.

आता गणित बघा. कुशल कामगार म्हणून जायचं तर तिथे गुण मोजतात. तेव्हाच्या तक्त्यात वय २५ ते ३२ असेल तर ३० गुण, ३३ लागलं की २५. पदवीचे १५. आयईएल्टीएसमध्ये चारही विभागांत किमान ७ असतील तर १०, किमान ८ असतील तर २०. देशाबाहेरच्या कामाच्या अनुभवाचे ३ वर्षांना ५, ५ वर्षांना १० आणि ८ वर्षांना १५. अर्ज स्वीकारण्याची किमान मर्यादा २०१८ च्या जुलैपासून ६५ झाली होती, पण ६५ वर कुणी बोलावत नसे. आपल्या सीईटीसारखंच ते. पात्रतेचे गुण वेगळे आणि प्रत्यक्ष नंबर लागतो ते वेगळे.

मी १ जून २०१२ ला पुण्यात रुजू झालो होतो. म्हणजे नुसत्या पुण्याच्या नोकरीवर ८ वर्षं भरायला जून २०२० उजाडणार. आणि मला ३३ वं लागणार फेब्रुवारी २०२० मध्ये. एका हातानं ५ गुण मिळवायचे, तर दुसऱ्या हातानं ५ जाणार. मधली फट बुजवायची तर एकच उपाय होता. शिरोलीची वर्षं मोजली जायला हवीत. आणि ती फाउंड्री २०१५ सालीच बंद पडलेली!

इंजिनिअर लोकांचं मूल्यमापन 'इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया' ही संस्था करते. त्यांचा प्रश्न अगदी सरळ असतो. हा माणूस खरंच इंजिनिअर आहे का, आणि असेल तर किती वर्षं इंजिनिअरचंच काम पगार घेऊन करत होता? 'पगार घेऊन' हे महत्त्वाचं. आठवड्याला किमान २० तास पगारी काम, एवढीच तिथल्या सरकारची अट. आमच्या शिरोलीत आठवड्याचे २० तास बुधवार दुपारपर्यंतच भरायचे. प्रश्न तासांचा नव्हता, कागदाचा होता. मालकाचं पत्र हवं : लेटरहेडवर, तारखा, पद, पगार, कामाचे तास, कामाचं स्वरूप आणि सही करणाऱ्याचा संपर्क यांसह. पण एवढ्यानं भागत नाही. मालकाचं पत्र आणि मालकानंच दिलेली पगाराची स्लिप, दोन्ही शेवटी एकाच टेबलावरून आलेली. म्हणून त्या पत्राला तिऱ्हाइताचा दुजोरा लागतो. प्राप्तिकराची कागदपत्रं, पीएफचा उतारा, असं काहीतरी. ज्याला तुमच्याशी आणि तुमच्या मालकाशी काही देणंघेणं नाही, अशा कुणीतरी सांगायला हवं, की हो, या माणसाला या काळात पगार मिळत होता.

आधी पुण्याचं सांगतो, कारण ते लवकर संपेल. तुम्हाला वाटेल मोठ्या कंपनीचं पत्र म्हणजे दोन दिवसांचं काम. मुळीच नाही. एच.आर.चा एक ठरलेला नमुना होता, त्यात नाव, पद आणि तारखा. कामाचं स्वरूप लिहून मागितलं की उत्तर एकच : 'कंपनी पॉलिसी नाही.' शिवाय पत्र मागायला जाणं म्हणजे आपण निघालोय हे गावभर करणं. माझ्या साहेबांनी बंद दाराआड विचारलं, "किती दिवसांचा पाहुणा आहेस?" मी म्हटलं, "सर, व्हिसा मिळेपर्यंत तरी घरचाच." ते हसले, म्हणून निभावलं. शेवटी त्यांनीच एच.आर.ला सांगून नेहमीच्या पत्राला कामाच्या स्वरूपाची पुरवणी जोडून घेतली. सात वर्षांचे फॉर्म १६ आणि पीएफचं पासबुक माझ्याकडे होतंच. पुणे प्रकरण समाप्त.

शिरोलीचं मात्र सगळंच अधांतरी होतं. पुण्यात एका सल्लागाराकडे गेलो. काचेचं ऑफिस, भिंतीवर कांगारू. त्यानं माझी कहाणी ऐकली आणि म्हणाला, "टेन्शन घेऊ नका. बंद कंपनी तर उलट बरी, कोण विचारणार? लेटरहेड आम्ही छापतो, शिक्का आम्ही बनवतो, फोन उचलायला माणूस आमचा." आणि 'पॅकेज' सांगितलं. मी चहा पिऊन उठलो. हे काही माझ्या थोरवीसाठी सांगत नाही. खोटी कागदपत्रं सापडली तर व्हिसा नाकारतात आणि पुढची ३ वर्षं दार बंद, हा त्यांचा नियम मी आदल्या रात्रीच वाचला होता. पण त्याहून मला राग कशाचा आला असेल, तर मी तिथे खरंच राबलो होतो. माझ्या उजव्या पोटरीवर वितळलेल्या बिडाच्या शिंतोड्याचा डाग आहे. जे माझंच आहे ते मी याच्याकडून विकत का घ्यायचं?

मग जानेवारी २०१९ मध्ये रजा टाकून कोल्हापूर गाठलं.

पहिला पुरावा निघाला आईच्या ट्रंकेतून. २०१० च्या मार्चमध्ये मला स्प्लेंडर घ्यायची होती. सहकारी बँकेचा मॅनेजर म्हणाला, पगार रोख घेता, मग कर्ज कशावर द्यायचं? पगार चेकनं येऊ द्या आणि प्राप्तिकराचं रिटर्न भरा. मालकाच्या सी.ए.नं पाचशे रुपयांत काम करून दिलं. एप्रिलपासून आठ हजारांचा चेक बँकेत जमा व्हायला लागला आणि पुढे रिटर्नही भरलं गेलं. वर्षाचे ९६ हजार. तेव्हा करमुक्तीची मर्यादा होती १ लाख ६० हजार, म्हणजे भरायचा कर शून्य. मित्रांनी तेव्हा यथेच्छ टिंगल केली होती, 'शून्य रुपयांचा करदाता' म्हणून. नऊ वर्षांनी त्या शून्याच्या दोन पावत्या आणि बँकेचं पासबुक आईनं जुन्या नऊवारीच्या घडीतून काढून दिलं. रिटर्नमधला आकडा आणि पासबुकातल्या चेकची बेरीज रुपयाला रुपया जुळली. बँकेकडून शिक्क्यानिशी उतारा मिळवायला तीन हेलपाटे पडले, पण मिळाला. ऑस्ट्रेलियाचे ते गुण मला स्प्लेंडरनं मिळवून दिले, असं मी अजूनही मानतो. (ॲव्हरेजही उत्तम होतं.)

दुसरा पुरावा म्हणजे मालक. फाउंड्री बंद केल्यावर ते वडिलार्जित गुऱ्हाळाकडे वळले होते. हंगाम ऐन भरात होता. काहिलीवर वाफा, चुलवाणात चिपाडाचा जाळ आणि मालक खाटेवर बसून वजनं लिहून घेताहेत. मला बघून आनंदले. गरम गूळ, शेंगा, रस, असा पाहुणचार झाला. काम सांगितल्यावर म्हणाले, "आरं, त्यात काय? तू लिवून आण, मी सही करतो. दोन हजार आठपासनं लिव. मॅनेजर लिवू या का? पगार वीस हजार टाक. आपलं पोरगं परदेशात चाललंय, आपण हात आखडता घ्यायचा व्हय?"

यात लबाडी नव्हती बरं का. त्यांच्या दृष्टीनं तो आहेरच होता. लग्नात आहेर करताना कुणी हिशोब बघतं का? मी म्हटलं, "मालक, जेवढं झालं तेवढंच लिहू. पासबुकात आठ हजार आहेत, पत्रात वीस लिहिले तर दोघंही अडकू. आणि पद सुपरवायझरच लिहायचं." ते जरा हिरमुसले. "सुपरवायझर लिवून तुला इंजिनेर कोण म्हणंल?"

हा प्रश्न मात्र बरोबर होता. त्याचं उत्तर पत्राच्या दुसऱ्या परिच्छेदात द्यायचं असतं. पदापेक्षा काम काय केलं ते तिथे वजनदार ठरतं. साच्याचं गेटिंग आणि रायझर ठरवणं, कुपोलाच्या चार्जचं प्रमाण काढणं, वाळूच्या ओलाव्याची तपासणी, नापास मालाची कारणमीमांसा, गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगवरून पॅटर्नसाठी सूट काढणं. हे सगळं मी करत होतो आणि मालकांना ते पाठ होतं. जुन्या लेटरहेडचा गठ्ठा सापडला. त्याच्या मागच्या बाजूला ऊस किती आला याचा हिशोब चालू होता. त्यातला एक कोरा कागद निवडला. वरचा बंद पडलेला टेलिफोन नंबर खोडून मोबाइल नंबर घातला, 'फर्म २०१५ पासून बंद आहे' हेही स्पष्ट लिहिलं. शिक्क्याचं पॅड वाळून खडखडीत झालेलं, त्याला नवी शाई आणायला हायवेपर्यंत जावं लागलं.

फक्त तारखा? मालकांना आठवत होतं 'अडीच-पावणेतीन वर्षं'. मला रुजू झाल्याचा महिना ठाऊक, दिवस नाही. हजेरीचं मस्टर रद्दीत गेलेलं. मालकच म्हणाले, "मिस्त्रीकडं जा. त्यो सगळं लिवून ठेवतोय."

मिस्त्रीमामांबद्दल जरा सविस्तर सांगितलं पाहिजे. आमच्या फाउंड्रीत मामा मोल्डर होते. शिक्षण सातवी, वय तेव्हा पन्नाशीच्या आसपास, आणि वयाच्या सोळाव्या वर्षापासून वाळूत. मी पहिल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो तेव्हा त्यांनी मला नुसतं बसवून ठेवलं. आठवडाभर एकच काम : वाळू मुठीत दाबायची, मूठ उघडायची आणि मोडायची. कशी मोडते ते बघायचं. ओलावा टेस्टरनं मोजता येतो हे मी त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "मोज की. पर टेस्टर बंद पडला म्हंजे कारखाना बंद ठेवायचा काय?"

एका ब्रॅकेटमध्ये जाड बॉसच्या पोटात सतत पोकळी निघायची. शंभरात वीस-बावीस नग नापास. मी पुस्तक उघडलं. क्वोरिनोव्हचा नियम आठवत असेल : धातू थिजायला लागणारा वेळ हा आकारमान भागिले पृष्ठफळ याच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. त्यानुसार प्रत्येक भागाचं गुणोत्तर काढलं. दोन रात्री गेल्या. बॉस सगळ्यात शेवटी थिजतो असं उत्तर आलं, ते घेऊन मामांकडे गेलो. मामांनी कापलेल्या नगाकडे बघितलं, बॉसवर अंगठा ठेवला आणि म्हणाले, "इथं माल तहानंला ऱ्हातोय. शेजारचं आधी गोठतंय, मग ह्याला पाणी कोण पाजणार?" माझी दोन रात्रींची आकडेमोड आणि त्यांचा अंगठा एकाच ठिकाणी आले होते. तिथे बिडाचा चिल बसवायचा, म्हणजे तो भाग लवकर थंड होईल, हे त्यांनी सुचवलं. चिलची जाडी किती आणि रायझर कुठे, हे मी काढलं. चार वेळा ट्रायल घेतली, प्रत्येक वेळी नग कापून बघितले. नापास माल शंभरात तीन-चारवर आला.

मामांना मी भेटलो ते पंचगंगेकाठच्या चिखलीच्या पट्ट्यातल्या त्यांच्या घरी. खतांच्या दुकानदारानं दरवर्षी वाटलेल्या छोट्या डायऱ्यांची चळत त्यांनी कपाटातून काढली. रोज एक-दोन ओळी. हीट कितवी, बॉक्स किती भरले, उचल किती घेतली, खाडा कुणाचा. मालकाकडे पगाराचा हिशोब करताना वाद नको म्हणून लिहायचे. २००९ च्या डायरीत १३ जुलैच्या पानावर होतं, 'नवा इंजिनेर आला.' २०१२ च्या डायरीत ३० एप्रिलला, 'इंजिनेर गेला. पेढं दिलं.' मी त्या चार वर्षांतली ज्यावर माझं नाव होतं अशी बारा पानं झेरॉक्स करून घेतली. तारखा मिळाल्या.

पण पहिले नऊ महिने, जुलै २००९ ते मार्च २०१०, रोख पगाराचे. त्यांचा तिऱ्हाईत पुरावा काहीच नव्हता. मामांची डायरी म्हणजे मामांचा शब्द, आणि सरकारी कागदापुढे मामांच्या शब्दाला किंमत नाही. मी पत्रात ते महिने लिहिले, अर्जातही लिहिले, पण त्यांचे गुण मागितले नाहीत. वाळूची मूठ मी शिकलो ती त्याच नऊ महिन्यांत.

आता 'करिअर एपिसोड'. भारत वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला जून २०१४ मध्ये. त्यानंतर एनबीएच्या 'टियर-१' मान्यतेच्या कोर्समधून बाहेर पडलेल्यांची पदवी सदस्य देशांत तुलनेनं सहज ग्राह्य धरली जाते. आमच्यासारख्या आधीच्यांना तो रस्ता नाही. आम्हाला आपल्या कामावर तीन निबंध लिहून द्यायचे, प्रत्येकी १००० ते २५०० शब्द, परिच्छेदांना क्रमांक घालून. मग त्यातल्या कुठल्या परिच्छेदात कुठली क्षमता दिसते याचा तक्ता. अशा क्षमता एकूण १६. आणि सगळ्यात कडक अट म्हणजे एकवचनी प्रथम पुरुष. 'आम्ही केले' चालत नाही. 'मी काढले', 'मी ठरवले', 'मी तपासले'.

तुम्ही कधी असं लिहून बघितलंय? आपली जर्नलं 'असे आढळून आले' या कर्मणी प्रयोगावर पोसलेली. प्रोजेक्ट रिपोर्टात चौघांचा मिळून 'आम्ही', त्यातल्या दोघांनी वर्कशॉपचं तोंडही पाहिलेलं नसतं. आणि इथे पानभर 'मी, मी, मी'. पहिला निबंध मी त्या ब्रॅकेटवर घेतला. 'बॉसमधील दोषाचे स्थान मी निश्चित केले' असं वाक्य लिहिलं आणि पेन थांबलं. गणितानं मी निश्चित केलंच होतं, खोटं नव्हतं. पण अंगठा? ज्या ओळखीच्या सिनियरनं मसुदा तपासला, तो म्हणाला, "मिस्त्रीला काढून टाक. तुझं क्रेडिट कमी होतं." मी दोन दिवस विचार केला. मग त्या १६ क्षमतांची यादी पुन्हा नीट वाचली. तिच्यात शेवटची, ३.६ क्रमांकाची क्षमता होती, गटात परिणामकारक काम करणं आणि गटाचं नेतृत्व करणं. मी परिच्छेद लिहिला : 'ज्येष्ठ मोल्डरच्या निरीक्षणाची माझ्या आकडेमोडीशी मी तुलना केली, त्यांनी चिल वापरण्याचे सुचवले, त्याची परिमाणे मी काढली.' आणि तक्त्यात ३.६ समोर त्या परिच्छेदाचा क्रमांक टाकला. बत्तीस-तेहतीस वर्षं वाळूत काढलेल्या माणसाची जागतिक नोंद तेवढीच. मामांनी स्वतः अर्ज करायचा म्हटला असता, तर त्यांच्याकडे दाखवायला डायऱ्यांशिवाय एक कागद नव्हता.

एप्रिलमध्ये सगळं पाठवलं. मध्यंतरी एकदा मालकांचा फोन, "आरं, कांगारूवाल्यांचा मेल आलाय. पोरगं वाचून दाखवतंय. तू खरंच हुतास का इचारत्यात. काय लिवू?" मी म्हटलं, "होतो म्हणून लिहा मालक." ते म्हणाले, "लई चांगला हुतास म्हनून लिवतो." काय लिहिलं ते मला आजतागायत माहीत नाही.

ऑगस्ट २०१९ चा महापूर तुम्हाला आठवत असेल. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद होता. मामांच्या गावातून लोकांना बोटींनी बाहेर काढलं. माणसं सुखरूप, घरातलं मात्र सगळं गेलं, कपाटासकट. पंधरा दिवसांनी फोन लागला तेव्हा मामांनी म्हशीचं सांगितलं, भिंतीचं सांगितलं आणि मग म्हणाले, "त्या डायऱ्या गेल्या बग. तू झेरॉक्स काडली हुतीस न्हवं? ती हाय का?" मी बारा पानं पुन्हा झेरॉक्स करून कुरिअर केली. त्यावर सगळीकडे माझाच उल्लेख आहे. त्यांच्या बत्तीस वर्षांतली तेवढीच पानं आता शिल्लक आहेत.

सप्टेंबरात मूल्यमापनाचं पत्र आलं. इंजिनिअर म्हणून मान्य, आणि मागितलेला अनुभव पूर्ण मान्य. ८ वर्षांच्या पुढे गेलो, १५ गुण मिळाले. नोव्हेंबरमध्ये आणखी एक मजा झाली. १६ नोव्हेंबर २०१९ पासून तिथल्या सरकारनं अविवाहित अर्जदाराला १० गुण द्यायला सुरुवात केली! आत्याबाई दहा वर्षं ज्याबद्दल मला बोल लावत होत्या, त्याचे अखेर कुणीतरी गुण दिले. त्याच दिवशी लहान शहरांसाठीचा नवा '४९१' व्हिसा सुरू झाला, त्याला एखाद्या राज्याचं नामांकन मिळालं तर आणखी १५. एकूण ९५. जानेवारी २०२० मध्ये बोलावणं आलं, माझ्या वाढदिवसाच्या तीन आठवडे आधी. पुढे २० मार्चला ऑस्ट्रेलियानं करोनामुळे सीमाच बंद केली. त्या प्रतीक्षेचं वर्णन करत नाही, तेव्हा सगळं जगच कुठे ना कुठे अडकून पडलं होतं. २०२२ च्या जानेवारीत मी ॲडलेडला उतरलो.

४९१ हा कायम वास्तव्याचा व्हिसा नव्हे. किमान ३ वर्षं ठरवून दिलेल्या भागात राहून, तीन वर्षांच्या कर-आकारणीची पत्रं दाखवून, मग कायमचा मागायचा. म्हणजे पुन्हा तोच तिऱ्हाईत, प्राप्तिकर खातं. या वेळी मात्र तिन्ही पत्रं घरबसल्या चार मिनिटांत मिळाली. २०२५ मध्ये अर्ज भरला.

शेवटच्या वर्षाच्या मुलांनो, नोकरी छोटी मिळाली तर खुशाल करा, पण पगार बँकेतून घ्या, कर लागू नसला तरी रिटर्न भरा आणि पीएफ असेल तर त्याचा उतारा दरवर्षी काढून ठेवा. नियुक्तिपत्र मागायला लाजू नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी ते देणं मालकावर बंधनकारक केलं आहे. आपली शाखा एनबीएच्या कुठल्या टियरमध्ये आहे हे आजच विभागप्रमुखांना विचारा. ओरलला ते तुम्हाला विचारतात, एकदा तुम्हीही विचारून बघा. आणि कामावर असताना एक डायरी ठेवा. खतवाल्याची चालेल.

अनुभवपत्राचा नमुना कुणाला हवा असेल तर माझा ई-मेल मेकॅनिकलच्या ऑफिसात दिला आहे, जरूर मागा. करिअर एपिसोडचा नमुना मात्र मागू नका. ते निबंध कॉपी आहेत का हे तिथे संगणकावर तपासतात, आणि तुमच्या निबंधात आमचे मामा निघाले तर तुम्ही काय सांगणार?